उजव्या पायाचा फर्मा

मास्तरांना जाऊन आज तीन महिने झाले. चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा आम्ही पाच जण होतो, फादर धरून. त्यांच्यामागे नातेवाईक नाही, घर नाही, दुकान नाही. त्यांच्याबद्दल लिहिण्याजोगी माहिती असलेली आता मी एकटीच उरले आहे. म्हणून वह्या काढून, तारखा ताडून, आठवते तसे लिहिते.

मास्तर बूट शिवत. त्यांचे दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर होते आणि मी त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, एकेचाळीस वर्षे राहिले. सकाळी त्यांची हातोडी सुरू झाली की आधी माझ्या फडताळातल्या कपांना ते कळे, मग मला. माझे यजमान म्हणत, "लोक भिंतीवर घड्याळ लावतात, आपण घड्याळावर घर केलंय."

तयार बूट ते विकत नसत. ज्याच्या पायाचे त्याच्यासाठीच. नवे गिऱ्हाईक आले की ते त्याला कोऱ्या कागदावर अनवाणी उभे करत, पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढत, फीत लावून मापे घेत, आणि मग डोळे मिटून दोन्ही हातांनी तो पाय चाचपत. "रेघ फसवते," असे त्यांचे म्हणणे होते. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, कागदावर खोटं बोलतो. टाच हातात घेतली की खरं बोलायला लागतो." त्या मापांवरून ते लाकडाचा एक पाय कोरत. त्याला फर्मा म्हणतात. त्याच्यावर चामडे ताणून बूट उभा करतात. गिऱ्हाईकाचा पाय वयाबरोबर बदले, अंगठ्याचे हाड बाहेर येई, तळवा सपाट होई, तसतसे मास्तर त्या लाकडावर चामड्याचे तुकडे चिकटवून ते हाड, तो सपाटपणा त्यालाही देत. माणसे म्हातारी होत तसे त्यांचे फर्मेही म्हातारे होत. दुकानाच्या तीन भिंती अशा पायांच्या जोड्यांनी भरलेल्या होत्या.

त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. "ओळखीचे वाटत नाही, जरा बूट काढा बघू," असे ते खुशाल म्हणत, आणि बूट निघाला की, "अरे, तुम्ही होय! आई कशी आहे?" एक जाडजूड कंत्राटदार दर वेळी हट्टाने सांगे की आपला पाय आठ नंबर आहे. मास्तर शांतपणे म्हणत, "साहेब, आठ नंबर तुमच्या लग्नात होता. लग्नाला वीस वर्षं झाली ती पायालाही झाली की नाही?"

त्यांना एकच मुलगी होती. ती झाली तेव्हा मास्तर पस्तिशीला टेकले होते. दुसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना तो तिच्या उजव्या पायातले बळ घेऊन गेला. पाय बारीक राहिला, आखूड राहिला. तोपर्यंत मास्तर चारचौघांसारखेच बूट करणारे होते. या मुलीसाठी ते उंच टाचेचा, बुचाचा थर घातलेला बूट करायला शिकले, कोणी शिकवणारे नसताना. पहिले तीन बूट फुकट गेले. चौथा घालून ती दारापासून खुर्चीपर्यंत चालत गेली आणि मास्तरांच्या बायकोने खाली जो आवाज दिला तो ऐकून मी हातातले पीठ तसेच घेऊन जिना उतरले होते.

सगळे तिला फूटपट्टी म्हणत. ती काठीसारखी उंच आणि सरळ होती, आणि दुकानात बसून बापाने सांगितलेली मापे लिहून घ्यायचे काम तिने आपण होऊन घेतले होते. तोंडाने अशी तिखट की शाळेत एका मुलीने लंगडी म्हटले तर ही म्हणाली, "माझे बूट माझे बाबा माझ्यासाठी करतात. तुझे ज्यानं केले त्याला तू कोण हे तरी माहीत आहे का?" ती मुलगी पुढे हिची मैत्रीण झाली.

फूटपट्टी तेराव्या वर्षी गेली. छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत संपले. माझ्या वहीत त्या तीन दिवसांच्या तीन नोंदी आहेत. त्या मी इथे उतरवत नाही. चार वर्षांनी तिची आईही गेली. त्यानंतरची सत्तावीस वर्षे मास्तर खाली एकटे होते.

तिच्या डाव्या पायाचा फर्मा इतरांसारखाच भिंतीवर होता. उजव्याचा मात्र नव्हता. तो गल्ल्याच्या खालच्या खणात, स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळलेला असे. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होते आणि कोणीही त्याबद्दल बोलत नसे. दर शनिवारी दुकान आवरले की मास्तर तो काढत, जवसाच्या तेलाचे बोट फिरवत आणि थोडा वेळ हातात धरून बसत. बारीक टाच, आत वळलेली बोटे, अंगठ्याखाली एक खळगा. फोटोत ती हसते आहे, पण फोटोत पाय नाहीत. तिचा तो पाय जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

गेल्या वर्षी इमारत विकली गेली. सहा आठवड्यांत सगळ्यांनी जागा सोडायची होती. मी बहिणीच्या मुलीकडे जायचे ठरवले. मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. नन चालवतात त्या वृद्धाश्रमात त्यांना एक खाट मिळाली. खाटेशेजारी एक छोटे कपाट, आणि सोबत एक पेटी आणायची परवानगी.

त्याच आठवड्यात रविवारी फादरांनी बायबलमधल्या त्या श्रीमंत तरुणावर प्रवचन केले. सगळे देऊन टाक आणि माझ्यामागून ये, असे प्रभूने ज्याला सांगितले आणि जो खिन्न होऊन निघून गेला, तो. दिल्यावर माणसाला किती हलके वाटते हे फादरांनी हात पसरून सांगितले. बाहेर पडताना मास्तर मला म्हणाले, "वहिनी, तो पोरगा तरुण होता, त्याला जड गेलं. माझ्यासारख्याला काय? न्यायला कोणी नाही, ठेवायला जागा नाही. आयतंच पुण्य."

आणि खरोखर त्यांनी हसत हसत सगळे देऊन टाकले. शिवणयंत्र मागच्या गल्लीतल्या बॅगा शिवणाऱ्याला दिले. चामड्याचे गठ्ठे एका तरुण कारागिराला, फूटपट्टीच्या डाव्या पायाचा फर्माही त्यालाच. गिऱ्हाइकांचे फर्मे ज्याचे त्याला, आणि जी माणसे राहिली नव्हती त्यांचे त्यांच्या घरच्यांना नेऊन दिले. शेवटच्या कामापुरती हातहत्यारे तेवढी ठेवली होती. "मास्तर, मन केवढं मोठं तुमचं!" असे लोक म्हणत आणि मास्तर थोडे मिरवत. का मिरवू नये? नव्याण्णव वस्तू त्यांनी मागे वळून न बघता दिल्या होत्या. खालच्या खणातल्या शंभराव्या वस्तूबद्दल कोणी विचारले नव्हते.

विचारले ते मी.

आमच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीत एक बाई इस्त्री करते. तिची अकरा वर्षांची मुलगी उजव्या पायाने अधू आहे. इस्पितळातून मिळालेले तिचे बूट आखूड झाले होते, बोटे दुमडून घालावी लागत. इस्पितळाच्या कारखान्यात फर्मा कोरण्यापासून नवे करायचे तर नंबर पुढच्या वर्षी होता. शाळेचे तीन जिने चढताना ती दोनदा पडली आणि तीन आठवडे घरीच बसली होती. लाँड्रीच्या बाकावर बसून ती दुसऱ्यांच्या शर्टांच्या गुंड्या मोजत होती, ते मी पाहिले आणि तिला उठवून मास्तरांकडे घेऊन गेले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला सवयच आहे.

"वहिनी, दुकान बंद झालं," मास्तर म्हणाले. "बघा ना, भिंती बघा."

"हत्यारं आहेत ना अजून? पाय तर बघा."

त्यांनी मुलीला स्टुलावर बसवले, पाय हातात घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.

"आजोबा, गुदगुल्या होतात," मुलगी म्हणाली.

"उजवा," मास्तर म्हणाले. तिला नाही, मलाही नाही.

मग त्यांनी नीट माप घेतले. कागदावर रेघ ओढली, आखूड पायाला किती उंची द्यायची ते बघण्यासाठी पायाखाली लाकडाच्या चकत्या ठेवून पाहिल्या आणि पावणेदोन इंच लिहिले. मुलगी बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "नवा फर्मा कोरायला मला महिना लागेल. मुरलेलं लाकूड नाही. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आताशा काही कळत नाही. आणि दिवस राहिलेत सतरा."

मी म्हटले, "एक तयार आहे की."

त्यांनी गल्ल्याखालच्या खणाकडे पाहिले. मग म्हणाले, "तो तिला मोठा होईल."

"मग घासा."

"काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"मास्तर, लाकूडच ना ते शेवटी?"

हे वाक्य मी उच्चारले. मी त्याची तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

मास्तर आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. "तुमच्या गेलेल्या यजमानांची पत्रं आहेत ना वर, कपाटात? आणा खाली. मी त्यात खिळे बांधून देतो लोकांना. कागदच ना तो शेवटी?" आणि मी काही बोलणार तेवढ्यात, "वरच्या मजल्यावरून शेळ्या हाकायला सोपं असतं, वहिनी."

मी वर आले. दोन दिवस खालून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझे कप हलले. मी समजले.

पाच दिवसांनी बूट तयार झाले. मुलीला घेऊन मी खाली गेले. डावा साधा, त्या तरुण कारागिराकडून मागून आणलेल्या फर्म्यावर केलेला, उजवा उंच, काळे मऊ चामडे, शिवण अशी की मोजावी. मास्तरांनी स्वतः गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या. मुलगी दारापासून खुर्चीपर्यंत चालली. एक पाऊल हलके, एक जड, मध्ये किंचित थांबणे. मास्तरांनी डोळे मिटले होते.

"परत चाल," ते म्हणाले.

ती परत चालली.

"ऐकलंत, वहिनी? तीच. तीच चाल."

मी ऐकले. एकतीस वर्षांनी खालून ती पावले आली आणि माझेही डोळे भरले. मास्तरांनी मुलीला दोनदा विचारले, "होतंय ना नीट? कुठं लागत नाही ना?" ती म्हणाली, "नाही आजोबा. छान आहे." आम्ही दोन म्हातारी माणसे इतकी सुखात होतो की त्या मुलीच्या तोंडाकडे आमच्यापैकी कोणी पाहिले नाही.

चौथ्या दिवशी इस्त्रीवाली माझ्या दारात उभी राहिली. तिच्या हातात एक पांढरा मोजा होता आणि मोज्याची टाच तपकिरी होऊन कडक झाली होती.

"आजी, हे बघा. चार दिवस कारटी मोजे लपवत होती. मी कपडे धुणारी बाई, माझ्यापासून मोजे लपवते!"

"अगं, पण बोलली का नाही ती?"

"तेच विचारलं मी. तर म्हणते, आजोबा डोळे मिटून हसत होते आणि रडतही होते, मग मी कसं सांगू दुखतंय म्हणून?" ती दाराला टेकली. "आजी, तुम्ही चांगलं करायला गेलात, मला कळतं. पण फुकटचं आहे म्हणून तोंड मिटून घ्यायचं का? गरीब मी आहे. माझ्या पोरीचा पाय गरीब नाही."

आम्ही दोघी खाली गेलो. तिने उजवा बूट गल्ल्यावर ठेवला, शेजारी मोजा ठेवला.

"मास्तर, हे माझ्या मुलीचं माप आहे का?"

मास्तरांनी आधी मोजा पाहिला. मग मापाचा कागद काढला, बूट त्या रेघेवर ठेवला आणि फीत घेतली. टाचेची उंची मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा चष्मा पुसून मोजली. कागदावर त्यांच्याच अक्षरात पावणेदोन होते. बुटात सव्वादोन होते. सव्वादोन ही फूटपट्टीची उंची. त्यांनी चामडे कागदावरून कापले होते, पण बूच चढवताना कागदाकडे पाहिलेच नव्हते. हाताला जी उंची ठाऊक होती ती हाताने दिली होती.

ते खाली वाकले आणि खणातून फर्मा काढून बुटाशेजारी ठेवला. तो होता तसाच होता. घासण्याच्या नावाखाली त्यांनी त्यावर पॉलिश पेपरचा एक हात फिरवला होता आणि झाले म्हणून स्वतःला सांगितले होते. धुळीएवढेही लाकूड गेले नव्हते.

"मी तुझ्या मुलीचे बूट केलेच नाहीत, बाई," मास्तर म्हणाले. "मी माझ्याच मुलीचे केले."

इस्त्रीवाली भांडायला आली होती. ती स्टुलावर बसली. "मला कोणी सांगितलं नव्हतं, मास्तर."

"मला तरी कुठं माहीत होतं?"

फीत गुंडाळत ते म्हणाले, "उद्या सकाळी तिला घेऊन ये. इथं समोर बसव. पाय समोर असला की हात चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी स्टुलावर बसली, टाचेला पट्टी बांधलेली. मास्तरांनी फर्मा गुडघ्यांत धरला आणि कानस उचलली. करंगळीच्या बाजूला ती टेकवली आणि तशीच धरून बसले. मी मनात प्रार्थना म्हणू लागले, पण कोणासाठी काय मागावे ते सुचेना. मग पहिला हात फिरला. लाकूड आतून पिवळसर होते. वरून इतक्या वर्षांच्या तेलाने ते तांबूस काळे झाले होते, त्यामुळे घासलेली जागा सोललेल्या कातडीसारखी दिसली. मास्तर "आई गं" म्हणाले, जसे आपण चटका बसल्यावर म्हणतो.

ते चार हात मारत, मुलीचा पाय चाचपत, पुन्हा चार हात मारत.

"आजोबा, हा कोणाचा पाय?"

"माझ्या मुलीचा."

"ती रागावणार नाही?"

"रागावेल की. तिच्या वस्तूला हात लावलेला तिला खपायचा नाही. एकदा तिची पेन्सिल मी घेतली तर दिवसभर अबोला."

"मग?"

"मग काय. बाप आहे मी, ऐकून घेईन. पाय इकडे कर."

हळूहळू टाच गेली. वळलेली बोटे सरळ झाली. अंगठ्याखालचा खळगा मुलीच्या पायाला नव्हता, तिथे त्यांनी चामड्याचा गोल तुकडा कापून चिकटवला आणि अंगठ्याने दाबून धरला. तो सुकायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ त्यांनी दाबून धरला. दुपारचे जेवण टळून गेल्यावर त्यांनी फर्मा माझ्या हातात दिला. "बघा, वहिनी. आता कोणाचा आहे?"

मी पाहिले. तो स्टुलावर बसलेल्या मुलीचा पाय होता.

त्यांच्या मांडीवर, विजारीवर, बोटांवर पिवळी भुकटी होती. ती झटकायला मी फडके पुढे केले तर त्यांनी मान हलवली. "असू द्या थोडा वेळ."

तीन दिवसांनी नवा बूट झाला. मुलीने तो घातला, दोन पावले चालली, आणि मास्तरांनी विचारायच्या आत म्हणाली, "आजोबा, हा माझा आहे." मग ती दुकानातून बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत पळत गेली. नवे बूट घातलेले मूल मागे वळून बघत नाही, आणि बघावे तरी का? मास्तर दारात उभे होते. त्यांना या खेपेला कोणाचीही चाल ऐकू आली नाही.

इथे ही गोष्ट संपली असे मी धरून चालले होते. मास्तरही तसेच धरून होते.

जागा सोडायच्या आदल्या दिवशी मी त्यांची पेटी भरायला खाली गेले. तीन सदरे, दोन विजारी, दाढीचे सामान, फोटो, जपमाळ. कपड्यांच्या मधोमध त्यांनी तो फर्मा ठेवला. मी बघते आहे हे पाहून म्हणाले, "घासला तरी तिचाच आहे. वरची कातडी गेली, आतलं हाड तिचंच."

तेवढ्यात इस्त्रीवाली आली. हातात इस्त्री केलेल्या कपड्यांचा गठ्ठा होता. मास्तरांचे सगळे कपडे तिने आदल्या दिवशी मागून नेले होते, त्यांतले राहिलेले परत आणले होते. "वृद्धाश्रमात जाताय म्हणून चुरगळलेलं जायचं नाही, मास्तर. तिथल्या बायकांनी वळून बघितलं पाहिजे."

"बघतील आणि घाबरतील," मास्तर म्हणाले.

ती हसली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मास्तर, एक विचारू का? पुढच्या वर्षी तिचा पाय वाढेल. मी काल इस्पितळातल्या कारखान्यात गेले होते, हे बूट दाखवायला. तिथला कारागीर म्हणाला, हे ज्यानं केलं त्याच्याकडे फर्मा असेल. तो आणून दिलास तर नंबर लावायला नको. दर वर्षी त्याच्यावर चामडं चढवून ते बूट करून देतील, ती मोठी होईपर्यंत. मी म्हटलं, विचारते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी काही म्हणणार नाही. आधीच तुम्ही खूप..."

तिला पेटीत काय आहे ते दिसत नव्हते. मला दिसत होते. मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिले नाही. त्या सकाळी मी "लाकूडच ना" म्हणाले नाही, "द्या" म्हणाले नाही, काहीच म्हणाले नाही. एवढे तरी शिकले होते.

मास्तरांनी सदरे बाजूला केले. फर्मा बाहेर काढला, एकदा अंगठा फिरवला, ज्या अंगठ्याला काही कळत नव्हते तोच. "ह्याच्यावर दर वर्षी एक थर चढेल," ते म्हणाले. "पाच-सहा थरांनंतर तर..." त्यांनी फर्मा तिच्यापुढे धरला. "कारागिराला सांग, टाचेला खिळा मारू नको म्हणावं. लाकूड जुनं आहे, चिरेल."

तिने गठ्ठ्यातून एक उशीचा अभ्रा ओढला. "कोणाचा तरी आहे. परत धुवेन," असे म्हणत त्यात तो फर्मा गुंडाळला आणि काखेत घेऊन गेली. मास्तरांनी सदरे पुन्हा सारखे केले. मधली जागा भरली.

लहानपणी शाळेत सिस्टर आम्हाला सांगत की त्या श्रीमंत तरुणाने सगळे दिले असते तर तो आनंदाने नाचत गेला असता. मी सत्तर वर्षे ते खरे मानले. त्या दिवशी पेटीचे झाकण लावताना मला तसे वाटले नाही. दिले असते तरी तो रडतच गेला असता. फक्त दुसऱ्या दिशेने गेला असता, प्रभूने बोलावले होते त्या.

वृद्धाश्रमात मी दर गुरुवारी जात असे. मास्तर कोणाच्याही चपला दुरुस्त करून देत, सिस्टरांच्या चालीवरून त्यांचे स्वभाव सांगत, डाळिंबी रंगाची गोळी घ्यायला नकार देत. एकदा मी विचारले, "मास्तर, हलकं वाटतं का हो आता?"

"नाही," ते म्हणाले. "पण फादरांना सांगू नका. बिचारे फार मन लावून सांगत होते."

शेवटच्या आधीच्या गुरुवारी ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. दोन्ही हात समोर धरलेले, तळवे एकमेकांकडे, मध्ये वीतभर अंतर, जणू काही तोलून धरले आहे. मला वाटले हात दुखत असतील.

"वहिनी, मला तिचा पाय आठवत नाही."

मी खुर्ची जवळ ओढली.

"अंगठ्याखाली खळगा होता, हे माहीत आहे. जसं तुम्हाला माहीत आहे, तसं. पण केवढा होता? इथं होता की इथं? डोळे मिटून हात लावायला जातो, तर त्या पोरीचाच पाय येतो. दर वेळी. चांगला पाय आहे, बिचारीचा काय दोष. पण माझी कुठं गेली?"

मी त्यांचे पांघरूण सारखे केले.

"परवा भांडलो मी देवाशी," ते म्हणाले. "म्हटलं, यंत्र दिलं, चामडं दिलं, तो लाकडाचा तुकडा दिला. आठवण तर मागितली नव्हतीस. ती कशाला नेलीस? रात्रंदिवस तेच म्हणत होतो. काल कंटाळलो. म्हटलं, राहू दे. माझ्या हातून हरवली. तुझ्याकडे असेल तर तू नीट ठेव."

"आहे त्याच्याकडे, मास्तर," असे म्हणायला मी तोंड उघडले होते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि ते वाक्य मला वरच्या मजल्यावरचे वाटले. मी त्यांचा एक हात माझ्या हातात घेतला. दुसरा त्यांनी तसाच धरून ठेवला होता, बोटे वाकवून, उघडा. सिस्टर चहा घेऊन आल्या तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.